बोल्ट भोकाला विचारून निवडा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उतरवला की मालकाला चिंता असते ती दुरुस्तीच्या खर्चाची. तो परत इंजिनला जोडताना बोल्ट कोणते लागले, हे सहसा कोणी विचारत नाही. एखादा हरवलेला असतो, एखाद्याचे आटे गेलेले असतात. मग डब्यातला त्याच जाडीचा दुसरा लागतो, नाहीतर 'मजबूत असलेला बरा' म्हणून १२.९ ग्रेडचा आणला जातो. पहिल्यात निष्काळजीपणा आहे, दुसऱ्यात काळजी आहे. पण दोन्ही ठिकाणी बोल्टच पाहिला जातो, तो ज्या भोकात बसायचा ते भोक नाही.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल तर तो सुमारे ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा लांबतो. १२.९ ची ताकद याच्या दीडपट. पण या जोडात गिअरबॉक्स जागेवर बसवतात त्या डॉवेल पिना. बोल्टचे काम दोन पृष्ठभाग घट्ट दाबून धरण्याचे. १० मिलिमीटरचा ८.८ बोल्ट नीट आवळला तर अंदाजे अडीच टनांचा दाब देतो. इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर त्याहून जास्त आवळल्यावर आधी जातात ते ब्लॉकचे आटे. मग १२.९ ची जादा ताकद कुठे वापरणार? आट्यांची पकड मात्र पुरेशी हवी: ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट, म्हणजे इथे १५ ते २० मिलिमीटर. बोल्ट आखूड पडला तर मोजके आटे सगळा भार घेतात. लांब झाला तर बंद भोकाच्या तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, जोड मात्र सैलच. त्यात १० मिलिमीटरचे बोल्ट १.५ आणि १.२५ मिलिमीटर अंतराच्या अशा दोन्ही आट्यांत मिळतात, आणि तीन सूती बोल्टही डोळ्यांना तसाच दिसतो. हाताने दोन फेरे जाऊन अडलेला बोल्ट पान्याने रेटला, की भोक कामातून गेलेच.

ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक धोका असतो. इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला नसेल आणि इंजिन व गिअरबॉक्समधली उरलेली फट बोल्ट आवळून मिटवली, तर पंप फुटतो. ही फट हातानेच मिटायला हवी. कन्व्हर्टरला फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनकडची पातळ चकती, जोडणारे बोल्ट तर मुद्दाम आखूड असतात. तिथे लांब बोल्ट घातला तर कन्व्हर्टरचे कव्हर आतल्या बाजूला फुगते आणि लॉक-अप क्लच ज्यावर दाबतो तो पृष्ठभाग बिघडतो.

'आमच्या मिस्त्रीने आयुष्यभर असेच केले' हा युक्तिवाद जुन्या बिडाच्या ब्लॉकपुरता काही अंशी खरा आहे; बीड बरेच सोसते. कंपनीच्याच पाकिटातला बोल्ट हवा, असाही माझा आग्रह नाही. ग्रेड, आटे, लांबी आणि डोक्याखालची बैठक जुळली तर बाजारातला चांगला बोल्ट चालतो. कोकणातल्या दमट हवेत गंजू नये म्हणून स्टेनलेस सुचवतात, तेही मला पटत नाही. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा बराच आधी लांबतो, आणि खाऱ्या ओलाव्यात तो शेजारचे ॲल्युमिनियमच खातो. झिंक चढवलेला ८.८ तिथे बरा.

गाडी टाकतानाच गॅरेजला सांगा: कोणता बोल्ट कुठल्या भोकातला, हे काढतानाच लिहून ठेवा, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने आवळा आणि नवे बोल्ट लागले तर त्यांची ग्रेड आणि लांबी बिलावर लिहा.