यंत्र आणि व्यवहार : दार एक, माणसें चाळीस

वसईच्या पूर्वेस गोखिवरे-वालीवच्या बाजूला लहानमोठ्या कारखान्यांची दाटी आहे. त्यांपैकीं एखाद्या कारखान्याची कचेरी वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. हिशेबनीस, भांडारपाल, बिलें करणाऱ्या भगिनी अशीं चाळीस माणसें. त्यांतील कांहीं विरार-नालासोपाऱ्यास घरीं बसूनच काम करणारीं. प्रत्येकापुढें पडदा आणि कळफलक असतो. परंतु खरें काम चालतें तें कचेरींतील एकाच सामाईक विंडोज सर्व्हरवर. या व्यवस्थेस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. फायली मात्र पुष्कळदां दुसऱ्या, युनिक्स पद्धतीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. या दोघांची गांठ कशी पडते, हाच आजचा आमचा विषय.

युनिक्सचा जन्म अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं झाला. विंडोज ज्या भाषेंत फायली मागतो, ती त्यास मुळांत अवगत नव्हती. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यानें १९९१ च्या अखेरीस व १९९२ च्या आरंभीं या कामाचा पाया घातला. तोच प्रोग्राम पुढें ‘सांबा’ या नांवानें प्रसिद्ध झाला, व आजही तो विनामूल्य मिळतो. नांव ऐकून आपल्याकडे भोळ्या सांबाचें स्मरण होईल. परंतु एस, एम, बी हीं त्या भाषेच्या नांवाचीं अक्षरें ज्यांत आहेत असा शब्द शोधतां शोधतां तें सांपडलें.

सांबाची रीत अशी कीं, दारीं येणाऱ्या प्रत्येक यंत्रामागें तो एक स्वतंत्र सेवक नेमतो. चाळीस यंत्रें आलीं, तर चाळीस सेवक. रिमोट डेस्कटॉपच्या व्यवस्थेंत मात्र चाळीस माणसें एकाच यंत्रांतून येतात, आणि साधारणतः त्या सर्वांचा भार एकाच सेवकावर पडतो. नायगाव व भाईंदर यांमधील खाडीपुलावर गाडी अडली, म्हणजे डब्यांतील सर्वांचाच खोळंबा होतो. येथेंही तसेंच घडतें.

यांतून दोन गोष्टी उद्भवतात. पहिली भाराची. एका सेवकानें एका वेळीं किती फायली उघड्या ठेवाव्या, यास सांबांत मर्यादा असते. नेहमींचा आंकडा १६३८४. एका माणसास तो अपार वाटेल. चाळिसांत वांटला, तर माणशीं सुमारें ४०९ च येतात. म्हणून मोठ्या कचेरीनें ही मर्यादा आधींच तपासावी, आणि शक्य तर माणसें दोन सामाईक सर्व्हरांत विभागावीं. म्हणजे एक बंद पडला, तरी निम्मी कचेरी चालूं राहील.

दुसरी गोष्ट ओळखीची, आणि आमच्या मतें तीच अधिक महत्त्वाची. गाडी एक असली तरी प्रत्येकाचा पास निराळा असतो. त्याचप्रमाणें एकाच मार्गानें आलेल्या प्रत्येक मागणीवर ती करणाऱ्याची खूण असते. ती पाहून सेवक त्या मागणीपुरता त्या माणसाचाच अधिकार धारण करतो; त्याहून अधिक कांहीं देत नाहीं. परंतु खटपट वांचविण्यासाठीं कित्येक ठिकाणीं सर्वांस मिळून एकच नांव व एकच पासवर्ड देतात. मग युनिक्सच्या दृष्टीनें चाळीस माणसें एकच होतात. उद्यां रोजकीर्दींत रक्कम बदललेली आढळली, तर ती कोणी बदलली हें सांगावयास नोंदवही असमर्थ ठरते. आणि संशय बहुधा त्याच्यावर येतो, जो घरीं बसून काम करतो व कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

म्हणून ज्यांच्या घरांतील मुली-सुना अशा व्यवस्थेवर काम करीत असतील, त्यांनीं एवढी चौकशी अवश्य करावी : फायलींच्या सर्व्हरवर आपलें स्वतंत्र नांव आहे काय? नसेल, तर तें मागून घ्यावें, आणि आपला पासवर्ड शेजारच्या मैत्रिणीसही देऊं नये. प्रामाणिक मनुष्याचें रक्षण ज्या नोंदीनें होतें, त्या नोंदींत त्याचें नांव असणें हा त्याचा हक्कच होय.