कुत्र्या-मांजरांच्या गाठींची नोंदवही उघडा

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर



आपल्या टेबलावर पत्रांचा ढीग असणार, म्हणून मागणी आधी सांगतो. राज्यातल्या कुत्र्या-मांजरांना तोंडात, अन्ननलिकेत, जठरात आणि आतड्यांत होणाऱ्या कर्करोगांची नोंदवही विद्यापीठाने उघडावी. आणि त्या वहीत काही खरं लिहिता यावं म्हणून तालुक्याच्या गावाहून आलेला गाठीचा तुकडा परवडेल अशा दरात, वेळेत तपासून द्यावा. एवढंच. नवं हॉस्पिटल नको, रेडिएशनचं यंत्र नको, कोनशिला तर नकोच.

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. सकाळी गायी-म्हशींच्या व्हिजिट, संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरं. संध्याकाळची गर्दी वर्षागणिक वाढतेय. लसी वेळेवर टोचल्या जातात, पार्व्होने पिल्लं दगावणं कमी झालंय, घरातली कुत्री बारा-तेरा वर्षं सहज काढतात. वय वाढलं की गाठी येतातच.

तोंडातली गाठ घरच्यांना फार उशिरा कळते. आधी तक्रारी येतात त्या अशा: तोंडाला घाण वास येतो, एकाच बाजूने चावतो, पोळीचा तुकडा घेतो आणि खाली टाकतो, पाण्याच्या भांड्यात रक्ताची तार दिसली. यावर दवाखान्यांत सर्रास होतं ते म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स आणि हलणारा दात उपटणं. उपटलेली जागा भरत नाही, तिथून लालभडक मांस वर येऊ लागतं, तेव्हा कुठे संशयाची पाल चुकचुकते. बाकीचं तोंड ठीक असताना म्हाताऱ्या मांजराचा एखादाच दात हलत असेल, तर दुखणं दाताचं नसून त्याखालच्या हाडाचं असू शकतं, हे पदवीच्या शेवटच्या वर्षी घोकून घ्यायला हवं.

मांजरांच्या तोंडातल्या घातक गाठींपैकी बहुतेक स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघतात, आणि त्यांची आवडती जागा म्हणजे जिभेची खालची बाजू. तिथे आपण बघतच नाही. खरं तर बघायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मांजराचं डोकं मागे करायचं, बोटाने खालचा जबडा उघडायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हनुवटीखालच्या मऊ भागावर वर दाबायचं. जीभ उचलली जाते, खालचं सगळं दिसतं. मांजराने दोरा गिळला असेल का, हे पाहताना आपण हेच करतो. लस टोचताना केलं तर किती वेळ जाईल? हा रोग कळल्यानंतर बहुतेक मांजरं काही महिन्यांत जातात, उपचार करूनही वर्ष पार करणारी दहात एकसुद्धा नसतात. तेव्हा लवकर कळणं हीच काय ती आशा. (त्यातच मांजराला दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कुस्करून देणारे भेटतात. मांजराला ती गोळी म्हणजे विष आहे. हे औषधाच्या दुकानांत मोठ्या अक्षरांत लावायला हवं.)

कुत्र्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि म्हणूनच जास्त आशेची. हिरडीवरची गाठ मेलॅनोमा असेल तर ती मानेच्या लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत पसरायला वेळ लावत नाही. मेलॅनोमा काळाच असतो या समजुतीवरही विसंबू नये, तोंडातल्या जवळजवळ एक तृतीयांश मेलॅनोमांना रंगच नसतो. उलट गावठी कुत्र्याच्या टाळूवर किंवा जिभेवर सपाट काळे डाग दिसले म्हणून घाबरून येणाऱ्या मालकांना निर्धास्त करून घरी पाठवावं लागतं. तीच गाठ अॅमेलोब्लास्टोमा असेल तर ती हाड पोखरते पण दूर पसरत नाही, हाडाच्या तुकड्यासकट नीट काढली की कुत्रं बरं. जबड्याच्या पुढच्या भागातला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा वेळेत कापला तर पुष्कळदा तोही सुटतो. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियांवर दिसणारा टीव्हीटी, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कर्करोग, हुंगण्या-चाटण्यातून तोंडात आणि नाकातही रुजतो. त्याला आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शनं पुरतात. दिसायला चौघींत फारसा फरक नाही, पण एकीत महिन्यांचा प्रश्न, दुसरीत पूर्ण बरं होणं. नुसत्या नजरेने कुठली गाठ कुठली, हे छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मग तुकडा काढायचा. हरभऱ्याएवढा पुरतो. त्याच्या दहापट फॉर्मलिन, घट्ट झाकण, वर चिकटपट्टी, नाव-तारीख, दोन प्लास्टिकच्या पिशव्या. इथवर सगळं माझ्या हातात. पुढे कुरियरवाला द्रवपदार्थ म्हटला की हात वर करतो. शहराला जाणारं कुणी ओळखीचं शोधावं लागतं. प्रयोगशाळेत बाटली पोहोचली तरी रिपोर्ट येईपर्यंत मालकाचा धीर सुटलेला असतो, आणि तपासणीचा खर्च ऐकून गावठी कुत्र्याचा मालक आधीच म्हणालेला असतो, "राहू द्या डॉक्टर, जगेल तेवढा जगेल." त्याला मी दोष देत नाही.

आतल्या अवयवांची तर आणखी आबाळ. एक उदाहरण आपल्या मातीतलं आहे. कुत्र्यांत अन्ननलिकेचा कर्करोग एरवी क्वचितच होतो. पण भारतासारख्या उष्ण देशांत स्पायरोसर्का ल्युपाय नावाचा जंत आहे. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, शेणकिडे ती खातात, आणि तो किडा कुत्र्याने खाल्ला की अळी जठराच्या भिंतीतून रक्तवाहिन्यांच्या कडेने महाधमनीपर्यंत जाते, तिथून अन्ननलिकेत येऊन गाठ करून बसते. उकिरड्यावर किडे टिपणारी कोंबडी खाल्ली गेली, तिची आतडी कुत्र्याला टाकली, तरी अळी पोहोचते. पुढे यातल्या काही गाठींचा सार्कोमा होतो. कुत्रं खाल्लेलं तसंच बाहेर टाकतं, लाळ गाळतं, वाळत जातं, काहींचे पाय हाडातून सुजतात. गाठ साधी असेपर्यंत डोरामेक्टिनच्या इंजेक्शनांनी जिरते. कर्करोग झाल्यावर ते औषध निरुपयोगी. म्हणजे हा असा कर्करोग आहे की जो जंताच्या औषधाने आधीच अडवता येतो! तो कोकणात जास्त की मराठवाड्यात, गोठ्याजवळच्या कुत्र्यांत किती, याचा आकडा मला रोजच्या कामात हवा आहे.

मांजरांच्या आतड्यातल्या लिम्फोमाचंही तेच. म्हातारं मांजर महिनोन्‌महिने ओकतं, बारीक होतं, घरचे म्हणतात वय झालं. त्यातला सावकाश वाढणारा प्रकार वेळेत ओळखला तर प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांवर अनेक मांजरं दोन वर्षांहून जास्त बरी राहतात.

माणसांनाच धड उपचार मिळत नाहीत तिथे कुत्र्या-मांजरांचं काय घेऊन बसलात, हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. माझं उत्तर असं की ही जनावरं आपल्याच घरातली हवा घेतात. सिगारेट ओढणाऱ्या घरांतल्या मांजरांना लिम्फोमाचा धोका दुपटीहून अधिक, असं अमेरिकेतल्या २००२ च्या एका अभ्यासात दिसलं. धूर अंगावर बसतो आणि मांजर तो चाटून पोटात घेतं, असा तर्क आहे. तोंडाच्या कर्करोगाशीही धुराचा संबंध असावा असा संशय आहे, पुरावा तेवढा पक्का नाही. २०१२ पासून गुटखाबंदी असलेल्या आणि तरीही टपरीवर पुड्या मिळणाऱ्या या राज्यात या प्रश्नाचा छडा लागला तर माणसांनाही उपयोगच होईल.

परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि पायी जाण्याच्या अंतरावर १९४१ पासून टाटा मेमोरियल. न्यूयॉर्कमध्ये माणसांचं कर्करोग रुग्णालय आणि प्राण्यांचं रुग्णालय एकत्र आली, त्यातून कुत्र्यांच्या तोंडातल्या मेलॅनोमावर डीएनए लस निघाली. २०१० मध्ये तिला अमेरिकेत पूर्ण परवाना मिळाला. ती किती गुणकारी यावर मतभेद आहेत, पण एकत्र बसण्याची वाट तरी पडली.

नोंदणीचा वारसाही आपल्याकडे आहे. माणसांच्या कर्करोगांची लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दोन काउंटींपुरती प्राण्यांच्या गाठींची नोंदणी सुरू झाली. आपली मुंबईची नोंदणी आजही चालू आहे, प्राण्यांसाठी मात्र आमच्यासारख्या खासगी दवाखान्याला आजवर कुणी एक ओळसुद्धा विचारलेली नाही. बैलांच्या शिंगाच्या कर्करोगावर आपल्या शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं, कारण बैल शेतकऱ्याचा होता. एम.व्ही.एस्सी.च्या प्रबंधांत गाठींची माहिती आहे, कृषिकोश या ऑनलाइन संग्रहात ती वाचताही येते, पण प्रत्येक प्रबंध एका कॉलेजपुरता आणि काही महिन्यांपुरता.

आणखी एक आयती संधी वाया जातेय. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शहरोशहरी भटकी कुत्री पकडून, भूल देऊन त्यांची नसबंदी होते. भूल दिलेल्या कुत्र्याचं तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. बहुतेक कुत्री तरुण असतात, मेलॅनोमा फारसे सापडणार नाहीत हे कबूल. टीव्हीटी मात्र सापडेल. कानाला खाच पाडून त्याला सोडण्याआधी कागदावर एक रकाना भरला जावा. शुद्धीवर असलेल्या, लाळ गाळणाऱ्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात मात्र कुणीही हात घालू नये. ती लाळ गाठीची आहे की रेबीजची, हे रस्त्यावर ठरवता येत नाही.

नमुना-अर्ज एका पानाचा आणि मराठीत असावा: जात, वय, नर की मादी, नसबंदी झाली का, गाव, गाठीची जागा, खाणं, घरात धूम्रपान आहे का, आणि खाली तपासणीचा निष्कर्ष. इंटर्नशिपच्या लॉगबुकात तोंडतपासणीची पानं घालावीत. विभागवार एकेका महाविद्यालयाने बाटल्या स्वीकारण्याची जबाबदारी घ्यावी आणि वर्षातून एकदा आकडे छापावेत, कमी असले तरी छापावेत. एकूण कुत्री किती हे कळल्याशिवाय प्रमाण काढता येणार नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो बरोबर आहे, पण त्यासाठी सुरुवात थांबवू नये.

बाटल्या कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या आणि शुल्क किती, एवढं कळवावं.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक पशुवैद्य