अर्ध्या वाटेवर सोडलेले तंत्र



जिल्हा बैठकीला आपण जमतो तेव्हा बोलणे भावाचे होते, कर्जाचे होते, विम्याचे होते. ते व्हायलाच हवे. या अंकात मात्र एक वेगळा हिशेब मांडतो आहे. जे तंत्रज्ञान दुकानात आले आणि महाग पडले त्याची तक्रार आपण पुष्कळ केली. जे दुकानात आलेच नाही त्याचा जाब अजून कोणी विचारलेला नाही.

तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हा आपल्या चळवळीचा जुना आग्रह आहे. २००१ साली गुजरातेत बिगरपरवाना बीटी कपाशी सापडली आणि ती उपटून जाळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा शरद जोशी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावी बंदी असलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे उघड पेरून सत्याग्रह झाला. आपल्या शेतात काय पेरायचे ते सरकारने ठरवू नये, ही भूमिका तेव्हा बरोबर होती आणि आजही बरोबर आहे.

पण स्वातंत्र्य म्हणजे दुकानातल्या चार पुड्यांतली एक उचलण्याची मोकळीक एवढेच असते का? पुडीत काय भरायचे हे जिथे ठरते तिथे कोरडवाहू शेतकरी कधीच हजर नसतो. विद्यापीठाच्या फळीवर कितीतरी कामे निम्मी करून ठेवलेली आहेत. ती चुकीची ठरली म्हणून थांबली नाहीत. ती दरवर्षी विकता येत नाहीत, म्हणून थांबली.

पहिले उदाहरण आपल्या घरचे, देशी कपाशीचे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातल्या बहुतेक कपाशीच्या रानात देशी वाणच होते. गिरण्यांना लांब धाग्याची रुई हवी होती आणि देशी कापसाचा धागा आखूड, म्हणून अमेरिकन कपाशी आली. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित वाण निघाला आणि पुढे संकरित बियाण्याचे युग सुरू झाले. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांतच. त्याच सुमारास माझ्या हाती कृषी पदवी पडली आणि एका बियाणे कंपनीच्या प्रात्यक्षिकांवर मी गावोगाव फिरलो. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, पीकही वाढले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या फिरतीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले होते, "साहेब, यातली सरकी ठेवली तं पुढच्या साली चालन काय?" नाही चालणार, मी सांगितले. तो म्हणाला, "मंग हे बियाणं नाही होय, भाड्याचा बैल होय." मी हसून वहीत नोंद केली नाही. करायला हवी होती.

२०१५ च्या आसपास गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, आणि त्याच हंगामात बोंडे पोखरली गेली. भाड्याचा बैल थकला, भाडे मात्र सुरूच राहिले.

आता दुसरी बाजू बघा. देशी वाणाची मुळे खोल जातात, पाण्याचा ताण ते सोसतात. तुडतुड्यासारख्या रस शोषणाऱ्या किडींना ते सहज बळी पडत नाहीत. उत्तरेत धुमाकूळ घालणारा पाने गुंडाळणारा विषाणू रोग त्यांना होत नाही. त्यांचा एकच मोठा दोष सांगितला जाई, आखूड धागा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या पैदासकारांनी वर्षानुवर्षे निवड करून हा दोष काढला. पी.ए. २५५ म्हणजे परभणी तुराब, पी.ए. ४०२ म्हणजे विनायक, अशी देशी वाणे त्यांनी दिली, ज्यांचा धागा अमेरिकन वाणांच्या जवळ, २७-२८ मिलिमीटरपर्यंत जातो. ही सरळ वाणे आहेत, संकरित नाहीत. घरची सरकी निवडून पेरली तरी पीक तेच येते. किती गावांत ही वाणे पोचली? बैठकीत हात वर करायला सांगा आणि मोजा.

सरळ वाणाचा खरा उपयोग दाट पेरणीत आहे. तीन फूट बाय दोन फुटांवर एकरात ७,२६० झाडे बसतात. तीन फूट बाय अर्ध्या फुटावर २९,०४० बसतात. कमी झाडांनी भरपूर पीक द्यायचे तर प्रत्येक झाडाला चाळीस-पन्नास बोंडे धरावी लागतात आणि ती पोसायला डिसेंबर उजाडतो. आपल्या हलक्या रानात पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरला जातो. ओल संपते तेव्हा बोंड भरायच्या बेतात असते. दाट पेरणीत झाडाला आठच बोंडे धरली आणि बोंडाला अडीच ग्रॅम कापूस आला तरी एकरी ५ क्विंटल ८० किलो होतो. हा कागदावरचा हिशेब आहे. खाडे पडतील, बोंडे गळतील, थोडे कमी भरेल. पण ही आठ बोंडे ओल असताना भरतात, पीक लवकर मोकळे होते, फरदड ठेवायचा मोह राहत नाही आणि गुलाबी अळीला जानेवारीपर्यंत खायला मिळत नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलियात कपाशी सरळ वाणांचीच आणि दाट असते. मग आपल्याकडे का नाही? चौपट झाडांना चौपट बियाणे लागते. ते पुडीच्या भावाने घ्यायचे म्हटले तर पेरणीआधीच शेतकरी बुडेल. दाट पेरणीला घरचे बियाणे हवे, आणि घरचे बियाणे कोणाच्याच धंद्याचे नाही.

देशी वाणात खोट नाही असे मी म्हणत नाही. बोंड लहान असते, त्यामुळे वेचणीला मजुरी जास्त पडते. बोंड फुटले की कापूस लवकर गळून मातीत पडतो. बोंडअळी देशीलाही लागते. आणि व्यापारी लांब धाग्याची देशी रुई ओळखत नाही, देशी म्हटले की आखूड धाग्याचा भाव पाडून मागतो. पण यातली प्रत्येक गोष्ट कामाने सुटण्यासारखी आहे. कापूस धरून ठेवणारे बोंड निवडीतून मिळू शकते. धाग्याची लांबी यंत्रावर मोजता येते, भाव त्यावर ठरू शकतो. संकरित बियाण्यावर गेल्या पन्नास वर्षांत जेवढा पैसा आणि जेवढी माणसे लागली त्याचा काही हिस्सा जरी इकडे वळला असता, तरी आज हे लिहायची पाळी आली नसती.

दुसरे उदाहरण ज्वारीचे. रब्बीची मालदांडी ज्यांनी उपटली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. भेगाळलेल्या काळ्या रानात वाकून एकेक ताट मुळासकट उपसायचे, तळहाताला फोड, कंबरेत कळ. आता या कामाला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी निघत नाही. ज्वारीचे रान कमी होण्याच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे. मळणी यंत्र कधीच आले. कापणी-मळणीचे मोठे यंत्रही आहे, पण ते गहू-सोयाबीनच्या मापाने घडलेले. ते कणसाचा दाणा काढते आणि कडब्याचा चुरा करते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीत निम्मी किंमत कडब्याची असते, हे ते यंत्र घडवणाऱ्याला कोणी सांगितलेच नाही. उंच ताट न मोडता उपटणारे किंवा बुडाशी कापून आडवे घालणारे, छोट्या ट्रॅक्टरला किंवा बैलाला जोडता येणारे यंत्र बनवणे अशक्य नाही. नमुने निघतात, कृषी प्रदर्शनात फोटो काढले जातात, पुढच्या वर्षी नवा नमुना निघतो. गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येईल असे पक्के यंत्र मात्र बांधावर येत नाही.

तिसरे उदाहरण गोड ज्वारीचे. दाणा माणसाला, पाचट जनावराला आणि ताटाचा रस इंधनाला, अशी ही ज्वारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गेल्या शतकातच तिच्यावर काम केले, मधुरा नावाचा संकरित वाण काढला, रसापासून अल्कोहोल काढून त्यावर चालणारे कंदील आणि चुली बनवून दाखवल्या. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले, ते उसावर, मक्यावर आणि तांदळावर. उसापेक्षा कितीतरी कमी पाणी मागणारी गोड ज्वारी बाजूलाच राहिली. तिची अडचण खरी आहे: ताट कापले की रस लवकर आंबतो, कारखाना दूर असेल तर वाटेतच साखर जाते. याचा उपाय गावातच रस काढून, आटवून, काकवी करून पाठवण्यात आहे. म्हणजे छोटा चरक, चांगली भट्टी आणि काकवी विकत घेणारा कारखाना. यात कोणते मोठे शास्त्र अडले आहे? अडले आहे ते पाठपुराव्याचे.

या तिन्हीत रोग एकच आहे. कल्पना निघते, नमुना होतो, प्रबंध लिहिला जातो, आणि नमुन्यापासून बांधापर्यंतचे शेवटचे काही कोस कोणीच चालत नाही. कंपनी चालत नाही, कारण पुन्हा पुन्हा विकण्यासारखे त्यात काही नाही. विद्यापीठ चालत नाही, कारण पदोन्नती प्रबंधावर मिळते, बांधावर नाही. आणि आपण चालत नाही, कारण आपल्याला वाटते हे शास्त्रज्ञांचे काम.

इथे एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आजच्या मानाने ती रक्कम किती मोठी होती, विचार करा. पण रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या होत्या. यंत्र झोपडीत मावले पाहिजे, बाईमाणसाला न थकता आठ तास चालवता आले पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत हवी, ते वीस वर्षे टिकले पाहिजे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. तरी पुढे अंबर चरख्यापर्यंत जे प्रयत्न झाले त्यांना दिशा होती. कारण अट वापरणाऱ्याच्या बाजूने घातली होती, बनवणाऱ्याच्या बाजूने नाही.

आपल्याकडे लाखाचे बक्षीस नसेल, पण अटी घालण्याचा अधिकार आपलाच आहे. म्हणून या बैठकीपुढे चार कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक तालुक्यातून निदान दहा शेतकऱ्यांनी येत्या मृगाला अर्धा एकर लांब धाग्याची देशी कपाशी दाट पेरावी. शेजारच्या अर्ध्या एकरात नेहमीची पेरावी. दोन्हींचा खर्च, वेचणीची मजुरी आणि वजन एका वहीत लिहावे. हरलो तर तेही लिहावे.

दुसरे, त्या सगळ्यांचा कापूस एकत्र करून एकाच जिनिंगमध्ये वेगळा पिळून घ्यावा, रुईची लांबी तपासून घ्यावी आणि मगच भाव बोलावा. दहा जणांचा ढीग वेगळा राहिला तर त्याला गिऱ्हाईक शोधता येते. एकट्याचा कापूस मोठ्या ढिगात हरवतो.

तिसरे, ज्वारी काढणीच्या यंत्राच्या आपल्या अटी बैठकीत ठरवाव्यात: कडबा किती लांब राहिला पाहिजे, किंमत किती, दुरुस्ती कुठे. अटी ठरवताना मायबहिणींनी पहिल्यांदा बोलावे, कारण वाकून ज्वारी उपटणारी आणि कापूस वेचणारी पाठ त्यांची आहे. त्या अटी लिहून कृषी विद्यापीठांना आणि गावोगावच्या अवजार बनवणाऱ्यांना द्याव्यात.

चौथे, कृषी विद्यापीठाच्या संचालकांना आपल्या बैठकीला बोलवावे. निवेदन द्यायला नव्हे, विचारायला: गेल्या वीस वर्षांत तुम्ही निम्म्यावर सोडलेल्या कामांची यादी दाखवा. कोणते काम कशावाचून अडले तेवढे सांगा.

सरकारने वाट अडवू नये, हे आपण चाळीस वर्षे सांगत आलो. ते सांगत राहू. पण अडवलेली वाट मोकळी झाली म्हणजे कोणी आपल्यासाठी गाडी जुंपून उभा असतो असे नाही. गाडी जुंपणे आपल्याला करावे लागेल. तुमच्या गावात असे अर्धवट पडलेले एखादे अवजार, एखादे बियाणे, एखादी युक्ती असेल तर बैठकीला येताना घेऊन या. वाण असेल तर मूठभर सरकी आणा, यंत्र असेल तर निदान त्याचा तुटलेला भाग आणा. भाषणे थोडी कमी करू आणि ते टेबलावर मांडून बघू.