अणुशक्तीचे पहारेकरी आणि त्यांचा पगार

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. त्या गावाहून एका शेतकरी पालकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. मुलगी अमरावतीस यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. अणुशक्ती खात्याच्या परीक्षेस बसावे असे तिच्या मनात आहे. ‘तेथे पगार किती मिळतो, तो वाढतो कशाने, आणि खाजगी कंपनीत त्याहून बरे नाही काय, एवढे संपादकांनी कळवावे,’ अशी त्या गृहस्थांची विनंती आहे. अशी पत्रे एरवी आम्ही आतल्या पानावर उत्तरतो. हे मात्र पहिल्या पानावर घेत आहो. कारण त्या पालकाने जो प्रश्न आपल्या मुलीसाठी विचारला आहे, तोच प्रश्न राष्ट्राने स्वतःसाठी विचारण्याची वेळ येऊन ठेपली आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर नुकसान एका घराचे होणार नाही.

विज्ञानाच्या सेवकाने पगाराची चौकशी करू नये, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात आहे. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत मास्तरकी केली. ज्या सभेत गुरुजींच्या त्यागाचे गोडवे गाइले जात, त्याच सभेच्या दिवशी गुरुजींचा मागील महिन्याचा पगार थकलेला असे. तेव्हापासून दुसऱ्याच्या त्यागाची स्तुती करणाऱ्यांविषयी आम्हांस थोडा संशय वाटत आला आहे. इंझोरीच्या पालकाचा प्रश्न रास्त आहे व त्यास सरळ उत्तर मिळावयास हवे.

प्रथम आकडे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किंवा अणुवीज महामंडळात प्रशिक्षण पुरे करून जो पदवीधर इंजिनियर रुजू होतो, त्यास ‘वैज्ञानिक अधिकारी क’ असा हुद्दा मिळतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या हुद्द्याचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये होते. १ जुलै २०२५ पासून लागू झालेला ५८ टक्के महागाई भत्ता त्यात मिळविला म्हणजे ८८ हजारांच्या वर रक्कम जाते. शिवाय सरकारी निवास किंवा घरभाडे, औषधोपचार व कामगिरीवरील प्रोत्साहनरक्कम ही निराळीच. पुढच्या पायरीस ६७,७००, त्यानंतर ७८,८००, आणि ‘वैज्ञानिक अधिकारी ह’ या हुद्द्यास १,४४,२०० हे मूळ वेतन त्याच तक्त्यात आहे. अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष हा खात्याचा सचिवही असतो, त्याचे मूळ वेतन २,२५,००० रुपये. म्हणजे नवशिक्या इंजिनियर आणि सर्वोच्च अधिकारी यांच्या मूळ वेतनात अवघे चौपटीचे अंतर! खाजगी उद्योगात हे अंतर किती असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

इंझोरीच्या मापाने हा हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. बाजारात तेवढाही पदरात पडतोच असे नाही, परंतु तो पडला असे धरू. नव्या इंजिनियराच्या एका महिन्याच्या वेतनास साडेसोळा क्विंटल सोयाबीन लागते. एकरी पाच क्विंटलांचा उतारा धरला, तर तीन एकरांचे सबंध हंगामाचे पीक झाले, आणि त्यातून बी, खत, मजुरी अजून वजा व्हावयाची आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकास जो पगार बेताचा वाटेल, तो मानोरा तालुक्यातील कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे दैन्य फेडू शकतो. पगार लहान की मोठा हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही, ते कोठून पाहिले यावरही ठरते.

आता हा पगार ठरतो कशाने? आपल्या देशात त्याचे पहिले कारण हे की, अणुभट्टी बांधणारा व चालविणारा मालक इतकी वर्षे एकच होता, आणि तो म्हणजे भारत सरकार. जेथे गिऱ्हाईक एकच, तेथे बाजारभाव कसला? तेथे भाव तक्त्याने ठरतो. दुसरे कारण डॉ. होमी भाभा यांच्या दूरदृष्टीत आहे. त्यांनी १९५७ साली ट्रॉम्बे येथे प्रशिक्षणशाळा काढली. यंत्र, वीज, रसायन अशा कोणत्याही शाखेचा हुशार पदवीधर निवडावा, त्यास विद्यावेतन देऊन वर्षभर अणुविद्या शिकवावी आणि थेट कामावर घ्यावे, अशी ती योजना. एरवी सरकारी कचेरीत वरची जागा रिकामी झाल्यावाचून खालचा मनुष्य वर चढत नाही. भाभांनी शास्त्रज्ञांपुरता हा नियम मोडला व बढती गुणावर ठेवली. या खात्यातील पगार वाढतो तो मुख्यतः या शिडीने.

या शिडीने काय साधले, हे महाराष्ट्रास ठाऊक असावयास हवे. कोल्हापूर जिल्ह्यातील कसबा सांगाव या खेड्यात १९४२ साली जन्मलेले शिवराम भोजे याच प्रशिक्षणशाळेतून गेले आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. डॉ. अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी घेऊन १९६३ साली त्याच शाळेत दाखल झाले व पुढे अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी पोहोचले. या दाराशी जमीनजुमला विचारला जात नाही, वशिला लागत नाही व देणगीही भरावी लागत नाही. परीक्षा द्यावी, मुलाखत द्यावी आणि आत जावे.

या कामातील धोक्यापायी पगार वाढतो, असाही एक समज आहे. तो खरा नव्हे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे किरणोत्साराशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यास कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट व पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट यांहून अधिक मात्रा मिळता कामा नये. ही मर्यादा कोणत्याही रकमेने विकत घेता येत नाही. अणुभट्टीच्या नियंत्रणकक्षात जो इंजिनियर रात्रपाळीस बसतो, त्यास परवान्याच्या परीक्षा देऊनच तेथे बसता येते. त्याचा पगार असतो तो सावधपणाचा आणि जबाबदारीचा.

परदेशात चित्र निराळे आहे. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी खात्याने मे २०२४ साठी दिलेले अणुइंजिनियरांचे मध्यम वार्षिक वेतन १,२७,५२० डॉलर होते. आपल्या चलनात ही रक्कम कोटीच्या पुढे जाते. अर्थात हा आकडा नवशिक्याचा नव्हे, आणि तेथील घर, औषध व मुलांचे शिक्षण यांचा खर्चही तसाच अवाढव्य. तथापि फरकाचे मूळ आणखी एका गोष्टीत आहे. तेथे एकाच माणसासाठी वीज कंपन्या, यंत्रे बनविणारे कारखाने, सरकारी प्रयोगशाळा व आरमार असे अनेक मालक ओढाताण करतात.

ही ओढाताण आता आपल्या दाराशी आली आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज निर्माण करण्याचा संकल्प केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सोडला. त्या वेळी आपली सारी क्षमता नऊ गिगावॉटांच्या आत होती. पाठोपाठ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या संक्षिप्त नावाचा कायदा संमत करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा रद्द केला आणि खाजगी कंपन्यांस हे क्षेत्र खुले केले. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२५ मध्ये, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आणि त्यास अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. एकाच मालकाचा जमाना सरला, आणि नेमक्या त्याच वेळी जुन्या मालकाचा तक्ता नव्याने लिहावयाचा आहे.

खाजगी कंपन्यांनी इंजिनियरांस घसघशीत पगार द्यावा, याविषयी आमची तक्रार नाही. कोणाच्या ताटात चार घास अधिक पडले म्हणून डोळे वटारण्याचा आमचा स्वभाव नव्हे. आमची चिंता निराळी आहे. अणुभट्टी बांधणारा इंजिनियर, ती चालविणारा इंजिनियर आणि ती तपासणारा इंजिनियर हे तिघे एकाच शाळेत शिकलेले, एकाच तोडीचे असतात. त्यांतील पहिल्या दोघांस कंपनी तिप्पट पगार देऊ लागली आणि तिसरा सरकारी तक्त्यावरच राहिला, तर काय होईल? हुशार मनुष्य तपासणीच्या कामाकडे फिरकणार नाही. जो फिरकेल, तो ज्या कंपनीची तपासणी करतो तिच्याच नोकरीवर डोळा ठेवून राहील. उद्याच्या धन्यावर आज ताशेरे कोण ओढणार?

ही भीती काल्पनिक नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा येथे भूकंप व त्सुनामी यांनी अणुकेंद्र उद्ध्वस्त केले. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१२ साली आपल्या अहवालात ही आपत्ती मानवनिर्मित ठरविली, आणि नियामक अधिकारी व वीज कंपनी यांच्यातील साटेलोट्यावर बोट ठेवले. नियामकांपाशी कंपनीच्या तोडीचे तज्ज्ञ नव्हते, हेही तीत निघाले. त्याच २०१२ साली आपल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही आपल्या नियामक मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानाबद्दल सरकारला खडसावले होते. नव्या कायद्याने मंडळास वैधानिक दर्जा दिला, हे चांगले झाले. परंतु केवळ दर्जाने माणसे टिकत नाहीत.

यास्तव आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, नियामक मंडळाच्या इंजिनियरांची वेतनश्रेणी सामान्य तक्त्यातून काढून स्वतंत्र करावी, आणि कंपनीच्या इंजिनियराहून ती फार मागे राहणार नाही अशी तजवीज कायमची करावी. त्याचबरोबर नोकरी सोडल्यावर काही वर्षे तरी तपासनिसास तपासलेल्या कंपनीत पाय ठेवता येऊ नये. दुसरी, सरकारी खर्चाने तयार झालेला इंजिनियर जी कंपनी उचलील, तिने त्याच्या शिक्षणाचा भार प्रशिक्षणशाळेच्या पदरात टाकावा. झाड लावणारा एक आणि आंबे नेणारा दुसरा, हा व्यवहार सरकारने चालवून घेऊ नये. तिसरी, भाभांनी घातलेली गुणावरील बढतीची शिडी कोणत्याही काटकसरीच्या नावाखाली मोडू नये. खर्चाचा प्रश्न काढणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो की, ज्या भट्टीवर हजारो कोटी रुपये घालावयाचे, तिच्या पहारेकऱ्याच्या पगारात कपात करण्यात कसले शहाणपण आहे?

इंझोरीच्या पालकास आमचे उत्तर असे. मुलीस परीक्षेस अवश्य बसवा. पगार पुरेसा आहे, वाढ तिच्या गुणांवर आहे आणि काम मानाचे आहे. उद्या खाजगी कंपनी तिला अधिक देऊ करील, आणि तो स्वीकारावा की नाही हे तीच ठरवील. तो तिचा अधिकार आहे. मात्र ती तपासणीचेच काम पत्करून राहिली, तर त्यापायी तिला घरच्या शेतीवर कर्ज काढावे लागू नये, हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे, व वेतन आयोगाचा अहवाल हातात येईल तेव्हा आम्ही प्रथम त्याच पानावर नजर टाकू.