ठरवून पत्करलेली हार

सिअ‍ॅटलचा मरिनर्स हा बेसबॉल संघ २०२५ साली वर्ल्ड सीरीजच्या उंबरठ्यावरून माघारी फिरला. २० ऑक्टोबरला टोरोंटो येथे झालेल्या सातव्या सामन्यात तो ३-४ असा हरला. त्या दुःखाबरोबर आमच्या रेडमंड-बेलव्ह्यू भागात एक समाधानाचा सूरही ऐकू येतो. '२०१९ साली आपण शहाणपणाने हरलो, म्हणून आज इथवर आलो', असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हा युक्तिवाद खरा आहे काय, हे तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते, कारण तो आता चेंडूफळीच्या मैदानापुरता राहिलेला नाही.

प्रथम त्या हंगामाची हकीकत. २०१८ साली मरिनर्सने १६२ पैकी ८९ सामने जिंकले होते. संघ बरा होता. मात्र २००१ नंतर त्याला बाद फेरीचे तोंड पाहायला मिळाले नव्हते. तेव्हा सरव्यवस्थापक जेरी डिपोटो यांनी 'एक पाऊल मागे' घेण्याचे जाहीर केले. मग दुकान मोडावे तशी विक्री सुरू झाली. पॅक्स्टन न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. कानो आणि २०१८ मध्ये ५७ सामने राखून देणारा डियाझ हे दोघे मेट्सकडे गेले. सेगुरा फिलाडेल्फियाला, झुनिनो टँपाला. नेल्सन क्रूझचा करार संपला, तोही गेला.

गंमत अशी की या मोडक्या संघाने सुरुवात झोकात केली. टोकियोतील पहिले दोन्ही सामने जिंकले (तेथेच २१ मार्चला इचिरोने खेळाचा निरोप घेतला), आणि पहिल्या १५ सामन्यांत १३ विजय! पण योजना हरण्याची होती आणि ती तडीस गेली. अखेरीस ६८ विजय, ९४ पराभव आणि पाच संघांच्या गटात शेवटचा क्रमांक. वर्षभरात ६७ खेळाडू मैदानात उतरवले गेले. तोवरचा तो विक्रमच होता. एस. टी. स्टँडवर माणसे येतात-जातात तसे खेळाडू येत-जात राहिले. संबंध सामन्यात एकही 'हिट' न मिळण्याची नामुष्की त्या उन्हाळ्यात दोनदा ओढवली. २०१८ मध्ये सुमारे २३ लाख असलेली प्रेक्षकसंख्या १८ लाखांच्या आसपास आली. लोकांना योजना कळत नव्हती असे नाही; चांगली कळत होती.

या संघाशी रेडमंडचे नाते जुने. १९९२ साली संघ फ्लोरिडाला जाण्याच्या बेतात असताना निन्टेन्डोचे हिरोशी यामाउची यांच्या पैशावर तो सिअ‍ॅटलमध्ये राहिला, आणि त्या कंपनीची अमेरिकेतील मुख्य कचेरी रेडमंडात. यामाउचींनी आपल्या संघाचा एकही सामना मैदानात बसून पाहिला नाही, अशी ही अजब मालकी! त्या काळातही संघ हरला आणि दणकून हरला. २००८ साली पगारावर दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च करून १०१ सामने हरला. एवढा पगार देऊन शंभर पराभव पत्करणारा तो पहिलाच संघ. पण त्या पराभवाला पराभव म्हणत. त्याला कोणी धोरण म्हटले नाही. २०१६ साली जॉन स्टँटन यांच्या मंडळींनी संघ घेतला तेव्हा त्याची किंमत १४० कोटी डॉलर धरली गेली. १९९२ मध्ये ती दहा कोटी होती. हरणाऱ्या संघाच्या मालकाचे नुकसान होतेच असे नाही, हे यावरून दिसावे.

आता २०१९ च्या पराभवाने हाती काय लागले ते पाहू. २०२२ मध्ये ९० विजय मिळवून संघाने एकवीस वर्षांचा दुष्काळ संपवला तो कॅल रॅलेच्या षटकाराने, म्हणजे त्यांच्या भाषेतील होम रनने. रॅले आणि पिचर लोगन गिल्बर्ट यांची निवड २०१८ च्या जूनमधली. हुलिओ रॉड्रिगेझशी करार २०१७ चा. हे तिघेही 'पाऊल मागे' पडण्यापूर्वीच घरात होते. जॉर्ज कर्बी २०१९ च्या जूनमध्ये मिळाला, पण तो क्रम २०१८ च्या कामगिरीवरून ठरलेला. ९४ पराभवांचे थेट बक्षीस म्हणजे २०२० च्या निवडीतील सहावा क्रमांक, आणि त्यावर मिळाला इमर्सन हॅनकॉक. तो उपयोगी पिचर आहे, पण संघाचा कणा नव्हे. विक्रीतून जे आले त्यांत जे. पी. क्रॉफर्ड खरा कमाईचा. ज्याच्यासाठी डियाझ दिला तो एकोणीस वर्षांचा केलेनिक २०२३ च्या डिसेंबरात अटलांटाला रवाना झाला, आणि त्यामागेही पगाराचा बोजा उतरवणे हे मोठे कारण होते. हा ताळेबंद आम्हाला तरी 'हरलो म्हणून जिंकलो' असे सांगत नाही.

खर्चाची बाजू कोणाच्या खात्यावर पडली, हे सांगण्याचे काम खुद्द संघाच्या अध्यक्षांनीच केले. २०२१ च्या फेब्रुवारीत केव्हिन मॅथर बेलव्ह्यूच्या रोटरी मंडळापुढे मोकळेपणाने बोलले आणि ते बोलणे चित्रफितीतून बाहेर आले. केलेनिक आणि गिल्बर्ट यांना लवकर वर आणायचे नाही, कारण त्यांच्या सेवेचे घड्याळ सुरू होईल, असा त्याचा आशय होता. बेसबॉलमध्ये १७२ दिवस वरच्या संघात काढले की सेवेचे एक वर्ष भरते. अशी सहा वर्षे भरल्यावर खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. हंगाम साधारण १८६ दिवसांचा. दोन-तीन आठवडे पोराला खाली बसवले की मालकाला त्याचे एक वर्ष जास्तीचे मिळते. शिकागोत २०१५ साली क्रिस ब्रायंटचे १७१ दिवस भरले होते, आणि पुढे २०२० साली लवादानेही त्याच्याविरुद्धच निर्णय दिला.

महाराष्ट्रातील कारखान्यांत ज्यांचे आप्त राबले त्यांना हा डाव नवा नाही. २४० दिवस भरले तर कामगार कायमपणाचा हक्क सांगेल, म्हणून त्याआधीच 'ब्रेक' द्यायचा आणि चार दिवसांनी पुन्हा नव्याने कामावर घ्यायचे. माणूस तोच, यंत्र तेच, फक्त दिवसांची गणती शून्यावर.

मॅथर एवढ्यावर थांबले नाहीत. इवाकुमा या जपानी खेळाडूच्या दुभाष्यावर वर्षाला ७५,००० डॉलर खर्च होतात याची त्यांनी कुरकूर केली. तशी जाणीव दिल्यावर त्याचे इंग्रजी एकाएकी सुधारले, अशी मल्लिनाथीही केली. रॉड्रिगेझच्या इंग्रजीलाही त्यांनी नावे ठेवली. जपानी पैशावर तगलेल्या संघाचा अध्यक्ष हे बोलतो! २२ फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला. केलेनिक आणि गिल्बर्ट मात्र १३ मेलाच वर आले, दोघेही एकाच दिवशी.

पुढे २०२२ च्या करारात थोडी सुधारणा झाली. पदार्पणाच्या वर्षी अव्वल ठरणाऱ्या दोघांना पूर्ण वर्षाची सेवा मिळू लागली आणि निवडीचे पहिले सहा क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरू लागले, म्हणजे मुद्दाम हरण्याचा मोह कमी व्हावा. रॉड्रिगेझ त्याच वर्षी पहिल्या दिवसापासून खेळला आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला. नियम बदलला की 'अजून तयार नाही' हे कारण किती लवकर नाहीसे होते पाहा.

हे सारे आमच्या वाचकांना सांगायचे कारण उघड आहे. रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यात सुमारे ६,००० आणि जुलैत सुमारे ९,००० माणसे कमी केली, आणि कंपनी तोट्यात नव्हती. पाऊल मागे घेणारा एक असतो आणि ज्याच्या पायाखालची जमीन जाते तो दुसरा असतो. एच-वन व्हिसावरील कुटुंबाला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. हिरव्या कार्डाच्या रांगेत वर्षे मोजणाऱ्याला 'दूरचे पाहा, धीर धरा' हा उपदेश कसा लागत असेल, हे त्यालाच विचारावे.

डिपोटो यांनीही २०२३ च्या ऑक्टोबरात हाच धीर मागितला. दीर्घकाळ ५४ टक्के सामने जिंकत राहणे हे ध्येय, आणि लोकांकडून सबुरी मागण्यात आपण त्यांच्यावर उपकारच करीत आहोत, असे ते बोलून गेले. पुढे त्यांनी माफी मागितली, ती गोष्ट निराळी. १६२ सामन्यांचे ५४ टक्के म्हणजे सुमारे ८७. त्या वर्षी संघाने ८८ जिंकले होते आणि बाद फेरी एका सामन्याने हुकली होती. २०२४ मध्ये ८५ जिंकले. पुन्हा एकाच सामन्याने हुकली.

त्याच २०२३ च्या नोव्हेंबरात, खर्च आवरण्याच्या दिवसांत, युहेनिओ सुआरेझला अ‍ॅरिझोनाला देऊन टाकले होते. २०२५ च्या जुलैत बदली खेळाडू मोजून त्याला परत आणले, जोश नेलरलाही तेथूनच घेतले, आणि २००१ नंतर प्रथमच गटाचे विजेतेपद आले. १७ ऑक्टोबरला टोरोंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात तिन्ही ठाणी भरलेली असताना चेंडू सीमेपार धाडून सामना जिंकून दिला, तो याच सुआरेझने.