३८ अंशांतही माणसं का दगावतात? पाऱ्याच्या आकड्यात न दिसणारं ऊन

उन्हाळा लागला की गावोगावच्या ग्रुपवर एकच आकडा फिरतो. काल पारा ४३, आज ४४. आकडा ४० च्या खाली आला की लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. पण १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपासच होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा काहीच वाटत नाही. तरी उष्माघाताने १४ जण गेले. गर्दी उघड्यावर तासन् तास बसलेली, डोक्यावर मांडव नाही, आणि हवा खाडीकाठची दमट.

हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. ते चूक नाही, त्याला हवेचं तापमान मोजायचं असतं. पण कांदा काढणारी बाई त्या पेटीत बसलेली नसते. तिच्या पाठीवर थेट ऊन असतं, खालून तापलेली जमीन असते. मोबाईलवरचं ॲप दाखवतं तो आकडाही सावलीतलाच, आणि बऱ्याचदा दूरच्या केंद्रावरून हिशेबाने काढलेला.

दुसरी गोष्ट दमटपणाची. ती समजायला माठ पुरे. कोरड्या वाऱ्यात माठातलं पाणी गारेगार होतं, पण जूनमध्ये ढग दाटले की तोच माठ काम करत नाही. कूलरचंही तसंच. माणसाचं अंग म्हणजे पाझरता माठच आहे. घाम वाळला तर अंग थंड होतं, नुसता गळत राहिला तर ताप आतच साठतो.

हे सगळं एका आकड्यात पकडायची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी निघाली. जवान कवायतीत उन्हाने कोसळत होते म्हणून. तीन थर्मामीटर घ्यायचे: एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक काळ्या पोकळ गोळ्यात ठेवलेला, एक साधा. ओल्याच्या आकड्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २०, साध्या पाऱ्याला फक्त १०. आपण रोज ज्याची चर्चा करतो त्याला सगळ्यात कमी वजन! आता हे काम हातात मावणारं यंत्र करतं. त्यात वारा मोजायचा छोटा पंखा असतो आणि वर काळी गोळी.

हिशेब करून बघू. पारा ४४, हवा कोरडी, ओला थर्मामीटर २५, काळा गोळा ५६. उत्तर ३३ च्या जवळ येतं. दुसरा दिवस: पारा ३८, हवा दमट, ओला २९, गोळा ५०. उत्तर ३४. म्हणजे ‘जरा बरं’ वाटणारा दिवस अंगाला जास्त जड. आणि ४४ च्याच दिवशी झाडाखाली मोजलं तर आकडा ३० च्या आत येऊ शकतो. सावलीची किंमत एवढी आहे.

आंतरराष्ट्रीय मानकात उन्हाची सवय असलेल्या माणसाला मध्यम कामासाठी २८ आणि जड कामासाठी २६ ही मर्यादा धरली आहे. ती तंतोतंत पाळायची म्हटली तर एप्रिल-मेमध्ये दुपारचं शेतकाम बंदच करावं लागेल. तसं कोणी करणार नाही. पण सुट्टी किती वाजता करायची, पाण्यासाठी कितीदा थांबायचं, हे तरी ठरवता येतं.

यंत्र वापरायचंही तंत्र आहे. गाडीतून काढलं आणि लगेच बघितलं तर आकडा खोटा. मुठीत धरलं तर हाताची ऊब लागते. काठीला किंवा स्टँडला लावून, छातीच्या उंचीवर, जिथे माणसं राबतात तिथेच दहा-पंधरा मिनिटं ठेवावं लागतं. डांबरी रस्त्यावर मोजून शेताचा आकडा सांगायचा नाही. उभ्या उसात तर बांधावर एक आणि आत दुसराच, कारण आत वाराच नसतो. बाजारातलं स्वस्त यंत्र, ज्यात फक्त तापमान आणि आर्द्रता दिसते, ते उन्हात धरलं की त्याचं प्लास्टिकच तापतं. ते सावलीपुरतं ठीक.

प्रत्येक गावात असं यंत्र येणार नाही. पण महसूल मंडळात महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, राज्यात दोन हजारांच्या वर. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस तिथे आधीच मोजला जातो. शेतकऱ्याला हे केंद्र आठवतं ते पीकविम्याच्या वेळी. त्याच आकड्यांवरून ओल्या थर्मामीटरचा हिशेब निघतो. कमी आहे ती फक्त काळ्या गोळ्याची, आणि तो आकडा सकाळी मंडळातल्या मजुरापर्यंत पोहोचवायच्या इच्छेची.

कारण उष्णतेच्या लाटेचा नियम अजून पाऱ्यावरच चालतो. मैदानी भागात ४० गाठल्याशिवाय लाट म्हणत नाहीत, किनाऱ्यावर ३७. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, पारा ३६-३७ वर येतो, इशारे थांबतात. हवेत ओल भरलेली असते, मध्येच कडक ऊन पडतं, आणि पेरणीची घाई तेव्हाच असते. त्या दिवसांत मजूर दुपारी बाराला सोडायचा की तीनपर्यंत ठेवायचा, हे आज तरी मुकादम आणि मालकच अंदाजाने ठरवतात.