काळपुळीचे निदान तालुक्यातच व्हावे, याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : दुर्गम भागातील जनावरांच्या काळपुळी (फाशी) रोगाचे निदान तालुका पातळीवर, शव न फाडता आणि २४ तासांत होण्याबाबत.

महोदय,

काळपुळी, फाशी किंवा अँथ्रॅक्स हा बॅसिलस अँथ्रासिस या जिवाणूमुळे होणारा रोग आहे. संध्याकाळी धडधाकट दिसलेली गाय किंवा शेळी सकाळी गोठ्यात मेलेली आढळते. नाकातून, गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येते, शव लवकर फुगते आणि पुरते ताठरत नाही. मात्र रक्त प्रत्येक वेळी येतेच असे नाही. घटसर्प, फऱ्या, सर्पदंश, वीज किंवा विषबाधा यांतही मरण असेच अचानक येते. लक्षणांवरून म्हणूनच फक्त संशय घेता येतो.

हा संशय शव फाडून फेडणे घातक आहे. न उघडलेल्या शवातील जिवाणू कुजण्याच्या क्रियेत दोन-तीन दिवसांत बहुतांशी मरतात. शव उघडले की प्राणवायूच्या संपर्कात त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक दशके तग धरतात. त्या कुरणात चरणारी जनावरे, कातडे सोलणारे आणि मांस हाताळणारे किंवा खाणारे लोक यांना त्यातून लागण होते.

निदानाला कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब पुरतो. काचपट्टीवरील लेप वाळवून, अल्कोहोलमध्ये स्थिर करून पॉलिक्रोम मिथिलीन ब्ल्यूने रंगवला, की चौकोनी टोकांचे निळे दंडाकार जिवाणू आणि त्यांच्याभोवतीचे गुलाबी कवच दिसते. मॅकफेडियन यांनी १९०३ मध्ये मांडलेली ही पद्धत वीज नसतानाही आरशाच्या सूक्ष्मदर्शकावर करता येते. योग्य प्रतीचा हा रंग मिळाला नाही, तर अझुर बी हा रंग वापरता येतो. शव कुजल्यावर किंवा प्रतिजैविके दिलेली असल्यास जिवाणू दिसत नाहीत, म्हणून लेप लवकर घ्यावा लागतो. रक्तात भिजवून वाळवलेल्या बोळ्यावर मात्र बीजाणू टिकतात. असा नमुना बर्फाविना औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवून संवर्धनाने किंवा पीसीआरने खात्री करता येते.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात काळपुळी अनुसूचित आहे आणि अशा रोगाची खबर देणे पशुपालकावर बंधनकारक आहे. खबर दिल्यावर उत्तर वेळेत यावे, ही त्याची रास्त अपेक्षा आहे. उत्तराची वाट पाहत शव उघड्यावर पडून राहिले, तर कुत्री, गिधाडे आणि गरज यांना कोणी थोपवू शकत नाही.

यास्तव पुढील मागण्या सादर आहेत :

१. धडगाव, अक्कलकुवा, भामरागड, धारणी यांसारख्या दुर्गम तालुक्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक, तपासलेला रंग, अल्कोहोल, काचपट्ट्या आणि हातमोजे कायम उपलब्ध असावेत.

२. पशुधन पर्यवेक्षकांना रक्तलेप घेण्याचे, रंगवण्याचे आणि वाचण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दरवर्षी द्यावे.

३. वाळवलेले बोळे तिहेरी वेष्टनात प्रयोगशाळेकडे नेण्याची शासकीय व्यवस्था असावी. अहवालाची प्रत पशुपालकाला मिळावी.

४. काळपुळीचा संशय असल्यास शवविच्छेदन करू नये, असा लेखी आदेश प्रत्येक दवाखान्यात लावावा. विमा दाव्यासाठी शवविच्छेदन अहवालाऐवजी रक्तलेपाचा अहवाल ग्राह्य धरण्याबाबत विमा कंपन्यांशी शासनाने करार करावा.

५. अहवाल येईपर्यंत शव झाकून राखण्यासाठी आणि नंतर जाळण्यासाठी किंवा किमान ६ फूट खोल पुरण्यासाठी ग्रामपंचायतीला तातडीचा निधी द्यावा.

६. रोग निश्चित होताच प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे आणि संपर्कातील माणसांची तपासणी व्हावी. त्या परिसरात स्टर्न बीजाणू लसीचे लसीकरण दरवर्षी करावे.

निवेदनकर्ते,
दुर्गम तालुक्यांतील पशुपालक